भाग्यश्रीचं दुकान आणि चिमाजीआबांचा पहिला नंबर

पुनावळ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडवरून आत वळलं, की डेअरीला लागून भाग्यश्री ओव्हाळचं दुकान आहे. दुकान म्हणायचं, पण विकायला तिथं काहीच नाही. चार कॉम्प्युटर, चार मोठाले स्क्रीन, आठ वायरलेस कंट्रोलर आणि रेग्झिनच्या खुर्च्या. लोक येतात, तासभर गेम खेळतात, आरडाओरडा करतात आणि घरी जातात. पाटीवर ‘प्ले पॉइंट’ असं झोकात लिहिलंय, पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. ‘गेमवाल्या ताईंकडं’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो.

भाग्यश्री मूळची आकुर्डीची. वडील स्कूटरच्या कंपनीत पेंट शॉपला होते. मुलीनं आयटीआय केलं आणि ती चाकणच्या एका कंपनीत लागली. तिथं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनायचे. मोटारीच्या अंगात डोक्यापासून शेपटीपर्यंत ज्या वायरी फिरतात, त्या सगळ्या एका पाटावर मांडायच्या, टेप गुंडाळायची आणि शेवटी तपासणीला पाठवायच्या. भाग्यश्री त्या तपासणीवर होती. प्रत्येक वायरीचं टोक बोर्डाला जोडायचं. दिवा लागला तर माल पुढं, नाही लागला तर मागं. ऐन उमेदीची वर्षं तिनं ते दिवे बघण्यात घालवली आणि ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली, की घरच्या फ्रीजचं दार बंद करतानासुद्धा आतला दिवा खरंच विझतो का, हे ती फटीतून बघायची. नवरा बुद्धरत्न यावरून तिची फार चेष्टा करी. तो स्वतः कंपनीच्या बसवर चालक.

मग एके वर्षी तिच्या कंपनीनं चाकणचं काम बंद करून सगळा पसारा दुसऱ्या राज्यात नेला आणि भाग्यश्री घरी बसली. सल्ले द्यायला माणसांची काही कमी नव्हती. कुणी म्हणालं शिवणक्लास काढ, कुणी म्हणालं मेस चालव. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मान डोलवायची. एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं, “मी गेमचं दुकान काढणार.”

बुद्धरत्नच्या हातातला घास तसाच राहिला. “गेमचं? तुला येतं का खेळता?”

“येतं म्हणजे? मी लहानपणी एक अख्खी सुट्टी बघितलंय.”

ते खरं होतं. आकुर्डीच्या चाळीत शेजाऱ्यांकडं टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम आला होता. सगळी मुलं त्यावर तुटून पडायची आणि भाग्यश्रीला म्हणायची, “तू बघ नुसती.” ती सबंध मे महिना नुसती बघत राहिली. कुठल्या वळणावर कधी उडी मारायची, हे तिला त्या मुलांपेक्षा जास्त पाठ झालं, पण हातात काही आलं नाही. म्हणून दुकान काढलं तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी एक नियम केला. जो नुसता बघत उभा राहील, त्याला एक डाव फुकट.

या नियमामुळंच चिमाजीआबा तिच्या दुकानात घुसले.

चिमाजीआबा म्हणजे गाळ्याचे मालक. पुनावळ्यातलं जुनं घर, वय सत्तरीच्या पुढं, पांढरी टोपी, पांढरा पायजमा. दुकान सुरू झाल्यावर आवाजाचा त्रास होतो का बघायला म्हणून ते एका दुपारी आले आणि दाराशीच खिळले. स्क्रीनवर मोटारींची शर्यत चालली होती. आबा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत बराच वेळ बघत राहिले. भाग्यश्रीनं त्यांच्या हातात कंट्रोलर दिला.

“ह्यो खेकडा कसा धरायचा?” आबा म्हणाले.

त्या दिवसापासून दुपारी जेवणं उरकली, की दुकान रिकामं असण्याच्या वेळेला आबा हजर. एका खुर्चीत ते, शेजारच्या खुर्चीत भाग्यश्री. स्क्रीनचे दोन भाग व्हायचे, वर तिची गाडी, खाली आबांची. शर्यतीत आठ गाड्या आणि आबांचा नंबर कायम आठवा. ते खेळायचे मात्र जीव तोडून. वळण आलं की अख्खं अंग वळवायचे, टोपी घसरायची, “आरं सरक! सरक की मुडद्या!” असं पुढच्या गाडीला ओरडायचे आणि त्यांची गाडी तोवर कुठल्यातरी भिंतीला नाक घासत उभी असायची. हरल्यावर राग नाही, काही नाही. “उद्या बघतो एकेकाला,” म्हणायचे आणि चपला घालून निघून जायचे.

असं मजेत चाललं होतं. मग एका बुधवारी सकाळी भाग्यश्रीनं शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केले आणि चारही स्क्रीनवर तेच एक चक्र गरगरायला लागलं. सिस्टिम अपडेट होते आहे, बंद करू नका. तिनं झाडलोट केली, चहा घेतला, डेअरीवाल्याशी गप्पा मारल्या. चक्र थांबलं तेव्हा स्क्रीन नवेकोरे दिसत होते, चिन्हं थोडी गोल झाली होती आणि आठपैकी एकही कंट्रोलर लागत नव्हता.

या कंट्रोलरच्या मध्यभागी एक बारीक दिवा असतो. कॉम्प्युटरशी जुळला की स्थिर, शोधत असला की लुकलुक, कंटाळला की बंद. सगळे आठ दिवे लुकलुकत होते. भाग्यश्रीनं सगळ्यांचे सेल बदलले. फरक नाही. मग तिनं एकाला वायर लावून बघितलं, तर तो झकास चालला. म्हणजे कंट्रोलरला काही झालेलं नाही, बिघाड आहे तो हवेतून बोलण्यात. तिनं कॉम्प्युटरच्या यादीतून सगळे कंट्रोलर काढून टाकले आणि एकेकाला नव्यानं ओळख करून दिली. एकेक दिवा स्थिर होत गेला. शेवटचा लागला तेव्हा तिनं स्वतःशीच टाळी वाजवली.

दुपारी आबा आले, तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले आणि पहिले आले.

भाग्यश्रीचा विश्वासच बसेना. ती स्वतः तिसरी आली होती. खालच्या अर्ध्या स्क्रीनवर आबांची गाडी वळणं अशी घेत होती, की जणू रस्त्याला चिकटली होती. भिंत नाही, खांब नाही, कुणाला धक्का नाही. स्क्रीनवर कागदाच्या रंगीत कपट्यांचा पाऊस पडला. आबा उभेच राहिले. मग ते तडक शेजारच्या डेअरीत गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दुकानात त्या वेळी दोनच गिऱ्हाइकं होती, त्यांना दिले, डेअरीवाल्याला त्याचेच पेढे परत दिले, भाग्यश्रीच्या हातावर दोन ठेवले आणि उरलेले आपल्या सोबत्यांसाठी बांधून घेतले.

“म्हनलं व्हतं ना तुला? हात बसाय येळ लागतो. बसला की बसला!”

“बसला खरा आबा,” ती म्हणाली. पेढा तोंडात टाकता टाकता तिची नजर आबांच्या कंट्रोलरवर गेली आणि तिथंच थांबली. दिवा बंद होता.

आबा आणि ती गिऱ्हाइकं गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि एकटीनं तपासलं. आबांचा कंट्रोलर लागत होता, थोडा वेळ चालत होता आणि मग गुपचूप सुटत होता. तिच्या स्वतःच्या कंट्रोलरला सकाळची वायर अजून लावलेलीच होती, म्हणून तो टिकला होता. एरवी असं झालं की गेम थांबतो. पण या गेमचा एक वेगळाच शिष्टाचार होता. दोघांतल्या एकाचा संपर्क तुटला, तर दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून तो शर्यत थांबवत नसे, तुटलेल्याची गाडी कॉम्प्युटर स्वतः चालवायला घेई. सोप्या पातळीवर बाकीच्या गाड्या मुद्दाम सावकाश ठेवलेल्या, पण ताब्यात घेतलेल्या गाडीला तसला काही लगाम नव्हता. आणि आबांना ते कळलं नाही, यात आश्चर्य नव्हतं. आबांची बोटं आणि आबांची गाडी यांचा फारसा संबंध आधीही कधी आला नव्हता.

रात्रीच्या जेवणावर तिनं हे बुद्धरत्नला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“सांगू नकोस त्यांना,” तो डोळे पुसत म्हणाला. “म्हातारा खूश आहे, राहू दे की.”

“अहो, पण दिवा बंद होता.”

“तुझ्या त्या दिव्याला काय करायचंय? पेढे खाल्लेस ना?”

पेढे खाल्ले होते, तेच तर टोचत होतं. तरी गुरुवारी तिनं तोंड उघडलं नाही. आबा आले, खेळले, पुन्हा पहिले आले. आज त्यांनी आरडाओरडा केला नाही. तरबेज माणसासारखे मागं रेलून, पाय पसरून, एका हातानं मिशी सारखी करत खेळले. एका हातानं! भाग्यश्रीला हसू आवरत नव्हतं. उठताना आबा म्हणाले, “रविवारी मारुतरावाला न् साहेबरावाला बोलावलंय. त्यांना खरं वाटंना. म्हनलं डोळ्यांनी बघा.”

मारुतराव आणि साहेबराव म्हणजे आबांचे शाळेपासूनचे सोबती. रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर तिघं बसायचे आणि एकमेकांचं उणं काढायचे. यांच्यासमोर आबांची एका हाताची शर्यत कधीतरी उघडी पडली, तर म्हातारा पुन्हा पारावर बसायचा नाही, हे भाग्यश्रीला लख्ख दिसलं. आता गप्प बसून चालणार नव्हतं. आधी यंत्र नीट करायचं आणि मग आबांना सांगायचं.

शुक्रवारी सकाळी तिनं मिनलला फोन लावला. मिनल तिच्या भावाची मुलगी, हिंजवडीत आयटीत.

“जय भीम आत्या. बंद करून चालू केलंस का?”

“बाई गं, चार वेळा केलं. उगाच शेंबड्या पोराला विचारल्यासारखं विचारू नको.”

मिनल हसली. मग तिनं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की ब्लूटूथ चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटनं जुना काढून नवा बसवला असणार आणि या कंट्रोलरचं नव्याशी पटत नसणार. जुना परत आणायची सोय सेटिंगमध्ये असते. ती कुठं, हेही तिनं पायरी पायरीनं सांगितलं. भाग्यश्रीनं तसं केलं. एक, दोन आणि चार नंबरचे कॉम्प्युटर शहाण्यासारखे वागू लागले. तीन नंबर मात्र पुन्हा थोड्या वेळानं सुटला. नेमका आबांचा.

तिनं काय काय नाही केलं! डेअरीच्या फ्रीजचा त्रास असेल म्हणून डेअरीवाल्याला तो क्षणभर बंद करायला लावला. त्यानं केला आणि वर दह्याची काळजी बोलून दाखवली. खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली. वायफाय बंद केलं. दिवा आपला मनाला येईल तेव्हा विझत होता. मिनल मीटिंगमध्ये होती. शेवटी भाग्यश्रीनं कपाळाला हात लावला आणि कंपनीत करायची तेच केलं. चांगला नग शेजारी ठेवायचा आणि वाईट त्याच्याशी ताडून बघायचा. दोन आणि तीन नंबरवर तिनं ब्लूटूथच्या सेटिंगची तीच ती पानं उघडली आणि मान इकडून तिकडं फिरवत ओळ न् ओळ वाचत गेली. एका पानावर तीन नंबरच्या चौकटीत बारीकशी खूण होती, दोन नंबरला नव्हती. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला मुभा, असा तिचा अर्थ.

“वीज वाचवतोय मेला!” ती मोठ्यानं म्हणाली आणि खूण काढून टाकली.

दिवा लागला तो लागलाच. जेवणाचा डबा उघडून, समोर कंट्रोलर ठेवून, त्या दिव्याकडं बघत तिनं भाजीपोळी खाल्ली. तो हलला नाही.

दुपारी आबा आले. रेलून बसले. एका हातात कंट्रोलर. शर्यत सुरू झाली आणि आबांची गाडी पहिल्याच वळणाला सरळ जाऊन कठड्यावर आदळली. आबा ताडकन सरळ झाले. दुसरा हात आला, टोपी घसरली, पण गाडी काही ऐकेना. आठवा नंबर. दुसरी शर्यत, आठवा नंबर.

“काय केलंस गं मशिनीला?”

भाग्यश्रीनं आपला कंट्रोलर खाली ठेवला. “नीट केलं आबा. ती बिघडली होती. परवाच्या अपडेटनं ड्रायव्हर बदलला होता.”

“डायवर? माझ्या गाडीचा?”

“तसंच म्हणा,” ती म्हणाली आणि मग तिनं सगळं सांगितलं. दिवा विझायचा, कॉम्प्युटर गाडी ताब्यात घ्यायचा, दोन्ही दिवस गाडी तोच चालवत होता. “मला बुधवारीच कळलं होतं. तुम्ही पेढे वाटत होता, माझ्याच्यानं बोलवलं नाही.”

कंट्रोलर उलटा करून त्यांनी त्याची पाठ बघितली, जणू तिथं काही लिहिलेलं असावं. भाग्यश्रीला वाटलं, आता हे उठणार आणि उद्यापासून येणार नाहीत. आबांचे खांदे हलायला लागले. तिला आधी कळेना काय होतंय. आबा हसत होते, आवाज न करता, पोट धरून.

“एका हातानं मिशी पिळत व्हतो की गं मी!” त्यांना धड बोलताही येईना. “आन् तू बघत व्हतीस!”

“बघत होते.”

“जाऊ दे. त्यात काय हाय? बैलगाड्यांच्या शर्यतीत आमचा गाडा घाटात पळायचा, तवा मी काय त्याच्यावर बसलेलो असायचो व्हय? बैलं सोडायची न् खाली हुबं राहून वरडायचं. नंबर आला की फेटा मालकाला. बैलांनी कधी तक्रार केली न्हाई.” मग ते एकदम थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “रविवारपुरतं परत बिघडवता येईल का?”

“आबा!”

“इचारलं आपलं.”

“बिघडवता येईल,” ती म्हणाली. “पण मी नाही बिघडवणार. दोन दिवस आहेत, शिकवते तुम्हाला.”

शिकवायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आबा वेगाचं बटण सुरुवातीला दाबायचे ते शेवटपर्यंत सोडतच नसत. कधी सोडायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इतके दिवस शेजारी बसून तिनंही नाही. “वळण आलं की बोट उचला. नुसतं उचला. वळून झालं की परत.” आबांच्या कामानं जाड झालेल्या बोटांना ते उचलणं फार जड गेलं. पण शनिवारी दुपारी त्यांची गाडी पहिल्यांदा एक पूर्ण फेरी कुठंही न आपटता फिरली. त्यांचा नंबर सातवा आला आणि मागं राहिलेल्या त्या एका गाडीकडं त्यांनी मान वळवून वळवून बघितलं.

रविवारी चार वाजता मारुतराव आणि साहेबराव आले. मारुतराव उंच, काठीवाले. साहेबराव बुटके, कानाला यंत्र लावलेले. भाग्यश्रीनं खुर्च्या दिल्या, डेअरीतून ताक मागवलं आणि ती जरा बाजूला उभी राहिली. आबांनी काय सांगायचं ठरवलंय, हे तिला माहीत नव्हतं.

आबांनी घसा साफ केला. “आधी ऐका. त्या दिवशी मी पयला आलो न्हाई. मशीन पयलं आलं. माझा खेकडा बंद पडलेला.”

“म्हनजे पेढे फुकट खाल्ले आमी?” मारुतराव म्हणाले.

“फुकटच खाल्ले. आता गप बसा न् बघा.”

शर्यत लागली. आबा पुढं वाकून बसले होते, दोन्ही हात कंट्रोलरवर, जीभ दातांत धरलेली. वळण आलं की बोट उचलायचे, वळण गेलं की टेकवायचे. एकदा धडकले, सावरले. एक गाडी मागं टाकली, मग आणखी एक. शेवटच्या सरळ रस्त्यावर तिसरीही मागं पडली. पाचवा नंबर! आबांनी ओरडून हात वर केले, साहेबरावांना काहीच ऐकू आलं नाही तरी त्यांनीही केले.

मारुतराव मात्र नाक मुरडून म्हणाले, “पाचवा? पाचव्याला काय मिळतं?”

“तू ये आठवा, मग सांगतो,” आबांनी कंट्रोलर त्यांच्या हातात कोंबला.

मारुतराव आठवे आले. साहेबराव उलट्या दिशेनं निघाले आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला लागले. त्यांना कुणी सांगितलं तरी पटेना, की चुकतंय ते त्यांचं. आबा दोघांच्या मध्ये उभे राहून शिकवत होते, “बोट उचल! आरं बोट उचल म्हनतो ना!” भाग्यश्रीनं मग चौघांची शर्यत लावली. स्क्रीनचे चार तुकडे झाले, चार दिवे लागले. ती पहिली आली तर तिघांनी मिळून तिच्यावर आरोप केला, की दुकानदारीण आहे, आतून काहीतरी करते.

संध्याकाळी बुद्धरत्न ड्यूटी संपवून तिला घ्यायला आला, तेव्हा बाहेरूनच त्याला आवाज ऐकू येत होता. आत येऊन बघतो तर तीन म्हातारे आणि त्याची बायको एका ओळीत बसून वळणाच्या दिशेनं वाकलेले.

“घरी यायचंय ना?” त्यानं विचारलं.

“एवढी होऊ द्या,” भाग्यश्री मान न वळवता म्हणाली.

“रोज बस चालवतोस ना रं तू?” आबा म्हणाले. “मग बस की. बघू बसवाल्याला कितपत जमतंय.”

साहेबरावांनी ताक प्यायला म्हणून आपला कंट्रोलर मोकळा केला. बुद्धरत्ननं चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि बायकोला हळूच विचारलं, “याचा ब्रेक कुठंय गं?”